अथांगाला तळ कुठून आला?

दापोलीहून एका वाचकाने विचारले आहे की, ‘अथांग सागरतळाशी प्रकाशणारे मासे’ हा शब्दप्रयोग त्यांच्या वाचनात आला, तो बरोबर मानावा काय. व्याकरणाने बरोबर आहे, अर्थाने मात्र साफ चूक आहे. थांग म्हणजेच पाण्याचा तळ. तो ज्याला नाही ते अथांग. तेव्हा ‘अथांग तळ’ म्हणजे तळ नसलेला तळ.

मनाचा थांग, थांगपत्ता वगैरे लाक्षणिक अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. मात्र हर्णैच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना ‘समोर अथांग पसरलेला समुद्र’ दाखवणारे भेटले की राहवत नाही. पसरतो तो अफाट. अथांग हा उभा मोजायचा शब्द आहे, आडवा नव्हे.

त्याची व्युत्पत्ती फार सुंदर आहे. संस्कृतात ‘अस्ताघ’ म्हणजे अतिशय खोल. त्यातील नकार काढला की उरतो ‘स्ताघ’, म्हणजे उथळ, पायी पार करता येणारे पाणी. प्राकृतात त्याची ‘थाह’ आणि ‘थग्घ’ अशी दोन रूपे झाली; पहिले हिंदीकडे गेले, दुसऱ्याला, ‘उच्च’चे ‘उंच’ झाले तसा, अनुस्वार जडून आपला थांग झाला. आमच्याकडील एक निवृत्त शिक्षक थांगाला ‘स्थाना’चा अपभ्रंश मानतात आणि पुरावा म्हणून अलिबागजवळचे थळ माझ्यापुढे टाकतात. स्थलाचे थळ झाले, हे मान्य. पण स्थानात नसलेला ‘ग’ थांगात कोठून आला, याचे उत्तर ते गेली कित्येक वर्षे चहा गार होईपर्यंत टाळत आले आहेत.

माझे मत असे की हा शब्द पंडितांचा नव्हे, पाण्यात उतरणाऱ्यांचा आहे. अमरकोश या संस्कृत शब्दकोशातील वारिवर्गात, म्हणजे पाण्याच्या प्रकरणात, खोल पाण्याचा शब्द येतो तो असा : ‘अगाधमतलस्पर्शे कैवर्ते दाशधीवरौ’. ज्याच्या तळाला स्पर्श होत नाही ते अगाध, आणि श्वासही न घेता त्याच ओळीत पुढे कोळ्यांची तीन नावे! हा केवळ वृत्ताचा योगायोग आहे, असे म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. ‘गाध’ म्हणजेही पाय टेकेल असे पाणी, म्हणजे अगाध आणि अथांग हे दोन्ही शब्द पायाने मोजलेले आहेत. पाय पुरेनासा झाला की हात आला. खोली मोजायची शिसे बांधलेली दोरी वर ओढताना एका वृद्ध तांडेलाला, म्हणजे नावेच्या प्रमुखाला, मी जवळून पाहिले आहे : ओली दोरी छातीसमोर धरून दोन्ही बाहू पूर्ण पसरायचे, तोंडाने आकडा म्हणायचा, पुन्हा पसरायचे. तेवढ्या अंतराला तो वाव म्हणतो; संस्कृत ‘व्याम’, सुमारे सहा फूट. (कोणाला ‘वाव मिळणे’ म्हणजे हात पसरण्यापुरती जागा मिळणे, असाही माझा तर्क आहे; या दोन ‘वाव’ शब्दांचे व्याकरणातील लिंग वेगळे आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे.)

आता मासे. लेखकाला अभिप्रेत असलेले कंदील मासे तळाशी राहतातच कुठे? बोटाएवढे हे मासे दिवसा साधारण २०० ते १००० मीटर, म्हणजे शंभर ते साडेपाचशे वाव खोल, मधल्याच पाण्यात असतात, आणि तळ त्यांच्याही खाली हजारो मीटर असू शकतो. वरून झिरपणाऱ्या अंधूक उजेडात आपली काळी आकृती खालच्या शिकाऱ्याला दिसू नये म्हणून त्यांच्या पोटावर प्रकाशाचे ठिपके असतात. आपल्या अरबी समुद्रात तर सुमारे १५० मीटरपासून १००० मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला थर आहे, तरीही यांचे थवे दिवस तिथे काढतात आणि अंधार पडताच खाण्यासाठी वर येतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरी सोडणाऱ्यांना कॅलिफोर्नियासमोरच्या खोल समुद्रात काहीशे मीटरवरच तळ लागू लागला. नकाशाप्रमाणे तिथे तळ असणे शक्य नव्हते. शिवाय हा तळ संध्याकाळी वर सरकत असे, हे १९४५ मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी दाखवून दिले. तो थर जिवंत प्राण्यांचा होता. माशांच्या पोटातील हवेच्या पिशव्यांवरून आवाज परतत होता. यंत्राला थांग लागला होता, आणि तो थांग पोहत होता!

इंग्रजीतही खोल समुद्राच्या सपाट तळाला ‘अबिसल’ मैदान म्हणतात, मग मराठीने का म्हणू नये, असा युक्तिवाद होईल. त्या शब्दाचे ग्रीक मूळही ‘तळ नसलेले’ असेच आहे, म्हणजे तीच चूक त्यांनी आपल्याआधी केली एवढेच सिद्ध होते. प्रश्नकर्त्यांनी ‘अथांग’ ठेवावा, पण पाण्याला लावावा, आणि ‘तळाशी’ खोडून टाकावा : ‘अथांग पाण्यात प्रकाशणारे मासे’.