मेडिकल बोर्डाने फाइल मागितली तर?

प्रश्न : न्यू जर्सीत माझं क्लिनिक आहे. एका रुग्णाच्या तक्रारीवरून राज्याच्या मेडिकल बोर्डाने त्याची फाइल मागवली आहे. त्याची सही न घेता ती दिली, तर हिपाचा (रुग्णांच्या माहितीची गोपनीयता जपणारा अमेरिकेचा केंद्रीय कायदा) भंग होईल का?

उत्तर : नाही. डॉक्टरांना परवाना देणारं बोर्ड हिपाच्या नियमांत 'आरोग्य देखरेख संस्था' ठरतं आणि कलम १६४.५१२(ड) नुसार त्याला रुग्णाच्या संमतीशिवाय माहिती देता येते. पण हिपा फक्त मुभा देतं, सक्ती करत नाही. सक्ती येते ती राज्याच्या कायद्यातून. म्हणून बोर्डाच्या पत्रात कोणतं कलम आणि कोणती मुदत दिली आहे, ते आधी पाहा. "हिपा आडवं येतं" असं कळवून मुदत घालवू नका, नाहीतर परवान्यावर दुसरंच प्रकरण उभं राहतं.

पत्र खरं आहे ना, याची बोर्डाच्या अधिकृत नंबरवर फोन करून खात्री करा. तारखा दिल्या असतील तर तेवढ्याच काळाची पानं पाठवा. वकिलाला फाइल दाखवण्याआधी त्याच्याशी 'बिझनेस असोसिएट' करार (रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या बाहेरच्या माणसाने ती सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी) हवाच. घाईत नेमकं हेच राहून जातं.

व्यसनमुक्ती केंद्राकडून आलेले कागद मात्र वेगळे काढा. त्यांना 'पार्ट २' हे जास्त कडक केंद्रीय नियम लागू होऊ शकतात, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय ते देऊ नका.

शेवटी नोंद : तारीख, कोणाला दिलं, पत्ता, काय दिलं, कशासाठी. रुग्ण मागील ६ वर्षांचा हा हिशेब मागू शकतो.