२४ बिटचं गाणं १६ बिटला काढताना डिदर, नॉइज शेपिंग आणि लिमिटर कुठल्या क्रमाने लावायचे?

तुम्ही विचारलंय ते असं की घरी अभंग रेकॉर्ड केलाय, आवाज, हार्मोनियम, पखवाज, टाळ आणि ॲपवरचा तानपुरा, सेशन २४ बिट ४८ किलोहर्ट्झचं आहे, आता सीडीसाठी १६ बिट ४४.१ काढायचंय आणि स्ट्रीमिंगलाही टाकायचंय, तर डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक रँडम नॉइज) लिमिटरच्या (ठरलेल्या पातळीच्या वर जाणारी टोकं दाबणाऱ्या प्लगइनच्या) आधी की नंतर, मेनूत दिसणाऱ्या चार टाइपपैकी कुठलं घ्यायचं, आणि डिदर विसरलं तर गाणं खरंच खराब वाजतं का.

क्रम आधी सांगून टाकतो. सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल, तुमचे ४८ हजारचे ४४.१ हजार) बदला, मग लिमिटर, मग डिदर, आणि डिदरनंतर काहीच नाही. म्हणजे फेड नाही, व्हॉल्यूम अर्धा डीबी खाली-वर नाही, काहीच नाही, कारण डिदरनंतर एक जरी आकडेमोड झाली की सॅम्पलच्या किमती परत अपूर्णांकात जातात आणि परत कापाव्या लागतात, मग आधीचं डिदर वाया गेलं आणि त्याचा नॉइज तेवढा शिल्लक राहिला. मी मिक्सिंग-मास्टरिंगचंच काम करतो, जास्त करून भजन, अभंग, शास्त्रीय अशी रेकॉर्डिंग्ज येतात, आणि माझं मत विचाराल तर लोक डिदरच्या टाइपवर जेवढं डोकं लावतात त्याच्या निम्मं जरी लिमिटरवर लावलं तरी गाणी खूप बरी वाजतील. पण आधी डिदर काय करतं ते नीट बघू, कारण त्याबद्दल भलतंसलतं फार पसरलंय.

१६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर. खाली येताना प्रत्येक सॅम्पलची किंमत जवळच्या पायरीवर बसवावी लागते. समजा खरी किंमत ३.३ आहे. नुसतं राउंड केलं तर ती दर वेळी ३ च होणार, म्हणजे चूक दर वेळी तीच आणि तेवढीच. चूक सिग्नलच्या मागेमागे चालायला लागली की कानाला ती नॉइज वाटत नाही, डिस्टॉर्शन वाटते. आता राउंड करायच्या आधी त्यात एक छोटा रँडम आकडा मिसळा, की ३.३ कधी ३ होईल आणि कधी ४ होईल, दहात साधारण तीनदा ४, आणि सरासरी काढली तर ३.३ परत मिळतं. म्हणजे पायरीच्या मधली माहिती गेली नाही, ती नॉइजमध्ये मिसळून राहिली, आणि आपला कान अशी सरासरी काढण्यात पटाईत असतो. १६ बिटमध्ये मायनस १०० डीबीचा एक बारीक सूर नुसता राउंड केला तर तो अर्ध्या पायरीपर्यंतही पोचत नाही, साफ गायब, फाइलमध्ये नुसते शून्य. डिदर लावलं तर तोच सूर हिसच्या (त्या नॉइजच्या सूऽऽ आवाजाच्या) खाली शाबूत असतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या व्हँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी १९८४ मध्ये हे ऑडिओसाठी नीट मांडलं. त्याच्या वीसेक वर्षं आधी एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्सने हीच युक्ती चित्रांवर वापरली होती.

रँडम आकडा कसा निवडायचा यावरून टाइप पडतात. रेक्टँग्युलर म्हणजे एका पायरीच्या रुंदीत सगळे आकडे सारख्याच शक्यतेचे, याने डिस्टॉर्शन जातं पण नॉइजची पातळी सिग्नलबरोबर वरखाली होते, फेडआउटमध्ये हिस श्वास घेतल्यासारखी ऐकू येऊ शकते. ट्रँग्युलर म्हणजे टीपीडीएफ, दोन पायऱ्यांची रुंदी, मधले आकडे जास्त वेळा, कडेचे कमी, यात ते वरखाली होणंही थांबतं. किंमत म्हणून नॉइज साध्या राउंडिंगपेक्षा ४.८ डीबीने वाढतो, म्हणजे १६ बिटच्या ९८ ऐवजी ९३ डीबी हातात राहतात. अभंगाला ९३ डीबी भरपूर झाले हो.

विसरलं तर काय होतं, याचं खरं उत्तर असं की तुमच्या केसमध्ये बहुतेक वेळ काहीही कळणार नाही. घरच्या खोलीत माइक लावला की खोलीचा, माइकचा, प्रीॲम्पचा असा नॉइज १६ बिटच्या शेवटच्या पायरीच्या कितीतरी वर असतो आणि तोच डिदरचं काम परस्पर करून टाकतो. फरक पडतो तो तुमच्या त्या ॲपवरच्या तानपुऱ्याला. तो डिजिटल, त्याच्यात खोलीचा आवाज नाही, आणि शेवटी सगळं थांबून नुसता तानपुरा आणि रिव्हर्बची (घुमण्याची) शेपटी हळूहळू विरत जाते तिथे सिग्नल स्वच्छ असतो आणि खाली खाली सरकतो. किंवा तुम्ही आवाजावर डीनॉइज नाहीतर गेट (हळू आवाज बंद करणारा प्लगइन) मारला असेल तर ओळींच्या मधली जागा अशीच कोरडी झालेली असते. अशा जागी बिनडिदरची फाइल हेडफोन पूर्ण मोठा करून ऐकली तर शेपटी किरकिरत जाते आणि मग एकदम तुटते. नेहमीच्या व्हॉल्यूमला कुणाला कळेल? फार कमी लोकांना. तरी लावायचं, कारण एका क्लिकचं काम आहे आणि तोटा काही नाही. पण "डिदर नाही म्हणून आवाज डिजिटल येतो" म्हणणाऱ्याला विचारा की बाबा तुझा लिमिटर किती डीबी कापतोय.

स्वतः ऐकायचं असेल तर ती शेपटी ८ बिटला एक्स्पोर्ट करून बघा, पायऱ्या २५६ पट मोठ्या होतात त्यामुळे सगळं उघड ऐकू येतं. ८ बिटलाही डिदर लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा काहीच नाही, एकदा टीपीडीएफ, एकदा शेप्ड अशा तीन फाइली काढा. पहिलीत तानपुरा करकरत मोडेल, दुसरीत एकसारख्या हिसमध्ये तानपुरा शेवटपर्यंत शांतपणे जाईल. फक्त व्हॉल्यूम सांभाळून.

तिसऱ्या फाइलीत जे ऐकू येतं ते नॉइज शेपिंग. राउंडिंगमध्ये जी चूक झाली ती पुढच्या सॅम्पलमध्ये फिल्टरमधून परत घालायची, की नॉइजचा आकार बदलतो. आपला कान ३-४ किलोहर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतो आणि १५ किलोहर्ट्झच्या वर बऱ्यापैकी बहिरा, म्हणून नॉइज मधून काढून वर ढकलतात. फुकट मात्र काही मिळत नाही, फुगा एका जागी दाबला की दुसरीकडे फुगणारच, आणि गर्झन आणि क्रेव्हन या संशोधकांनी १९८९ मध्ये हे गणितानेच दाखवलं की एका पट्ट्यात जितके डीबी कमी कराल तितके दुसरीकडे भरावे लागतात, एकूण ताकद उलट वाढते. म्हणून शेपिंग जितकं कडक तितकी वरची हिस मोठी. पॉवर (POW-r) म्हणून डिदरचे जे तीन प्रकार लॉजिक आणि एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात त्यातला १ सगळ्यात सौम्य, ३ सगळ्यात कडक. माझी निवड साधा टीपीडीएफ. फाइलवर पुढे कुणी काही करणार असेल, एमपी३ होणार असेल, तर कडक शेपिंगचा वरचा नॉइज एन्कोडरचे बिट उगाच खातो. शास्त्रीय सोलो, शांत खोलीत, चांगल्या माइकवर केलेलं, आणि सीडी हेच शेवटचं ठिकाण, तर शेपिंग जरूर लावा. टाळ-पखवाजाच्या अभंगात नका वेळ घालवू.

आता लिमिटर. १९९४ मध्ये वेव्हज कंपनीचा एल१ हा प्लगइन आला त्यात लिमिटर आणि डिदर एकाच खिडकीत होते, आणि त्यामागचं डिदर याच गर्झनचं. तेव्हापासून बऱ्याच लिमिटरांमध्ये डिदरचं बटण असतं. ते चालू आहे का बघा, कारण तिथेही चालू आणि एक्स्पोर्टच्या खिडकीतही चालू असलं तर दोनदा लागतं. एकच ठेवा, एक्स्पोर्टमधलं ठेवलेलं बरं.

तुमच्या गाण्यात दोन गोष्टी लिमिटरला छळणार. एक टाळ. टाळेचं टोक उंच आणि क्षणभराचं असतं, मीटरवर सगळ्यात वर तेच दिसतं, आणि मास्टरवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) लिमिटर ते दाबायला जातो तेव्हा त्याच्याबरोबर गायकाचा आवाज, हार्मोनियम सगळंच खाली बसतं आणि परत वर येतं, दर ठोक्याला. याला मास्टरवर इलाज नाही, मिक्समध्ये जा आणि टाळेच्या ट्रॅकवरच एक छोटा लिमिटर किंवा सॉफ्ट क्लिपर (टोक हळुवार कापणारा) लावून ३-४ डीबी तिथेच कापा, टाळ तेवढ्याने काही कमी वाजत नाही. दुसरी गोष्ट पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू. समजा तो धुमारा ८० हर्ट्झचा आहे, तर त्याचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदाचं. तुम्ही रिलीज (दाबलेला आवाज परत सोडायला लिमिटर घेतो तो वेळ) ५ मिलिसेकंद ठेवलात तर लिमिटर एका आवर्तनाच्या आतच सोडतो आणि परत पकडतो, म्हणजे तो आवाजाची पातळी नाही तर लाटेचा आकारच बदलतो, आणि पखवाज फाटल्यासारखा घोगरा येतो. लोक याला स्पीकरचा दोष समजतात. रिलीज १०० मिलिसेकंदाच्या पुढे न्या किंवा ऑटोवर ठेवा, आणि फार लांबही नको नाहीतर आवाज दबलेलाच राहतो. टाळ आधी मिक्समध्ये आवरली असेल तर हा तोल साधायला सोपा जातो. मास्टरवर गेन रिडक्शन (लिमिटर किती दाबतो ते) सगळ्यात जोरकस जागी २-३ डीबी, त्याहून जास्त लागत असेल तर मिक्समध्ये काहीतरी राहिलंय.

आणि लिमिटर चालू-बंद करून तुलना करताना दोन्हीचा व्हॉल्यूम सारखा करा. हे कुणीच करत नाही. मोठं वाजतं ते चांगलं वाटतंच, मग माणूस अजून एक डीबी ढकलतो, अजून एक, आणि रात्री अकराला त्याला अभंग फार भारी वाटतो.

लिमिटरचं सीलिंग (ज्याच्या वर तो आवाज जाऊ देत नाही ती पातळी) मायनस १ डीबी ठेवा आणि ट्रू पीक चालू करा. कारण मीटर सॅम्पल बघतं, आणि लाट सॅम्पलच्या मधे त्याहून उंच जाऊ शकते. ४४.१ ला ११,०२५ हर्ट्झची लाट अशी पडू शकते की प्रत्येक सॅम्पल खऱ्या टोकापेक्षा ३ डीबी खाली येईल. टाळेत त्या पट्ट्यात भरपूर माल असतो, म्हणजे हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. एमपी३ किंवा एएसी होताना टोकं अजून थोडी वाढतात. डिदरचे एक-दोन पायऱ्यांचे आकडेही सीलिंगच्या वरच बसतात, पण मायनस १ ला त्याची काळजी नाही, शून्याला लिमिट केलं असतं तर क्लिप झाले असते.

स्ट्रीमिंगसाठी १६ बिट करूच नका. डिस्ट्रिब्युटर २४ बिट वेव्ह घेत असेल तर २४ बिट ४८ ची फाइल द्या, तिथे डिदर लावलं काय न लावलं काय, मायनस १४० च्या आसपासच्या गोष्टी कुणाला ऐकू येत नाहीत. स्पॉटिफाय गाणी मायनस १४ लफ्सला (LUFS, गाणं सरासरी किती मोठं वाजतं त्याचं माप) आणून वाजवतं, ॲपल साउंड चेक चालू असेल तर मायनस १६ ला, यूट्यूबही मोठं असेल तर खाली आणतं, त्यामुळे मायनस ८ ला कोंबलेला अभंग तिथे मोठा वाजत नाही, नुसता सपाट वाजतो. गाणं मायनस १५-१६ ला छान श्वास घेत असेल तर तिथेच राहू द्या.

सीडीसाठी मात्र ४८ चं ४४.१ करावं लागेल, आणि ते रूपांतर टोकं बदलतं. बहुतेक सॉफ्टवेअर एक्स्पोर्टला सॅम्पल रेट बदलतात तो मास्टर चेनच्या नंतर, म्हणजे तुमच्या लिमिटरच्या नंतर. म्हणून लिमिटर काढून ३२ बिट फ्लोटमध्ये (अपूर्णांक ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) ४४.१ ची फाइल काढा, डिदर बंद, ती नव्या ४४.१ च्या सेशनमध्ये घ्या, सुरुवात-शेवट कापा, फेड द्या, मग लिमिटर, मग १६ बिटला एक्स्पोर्ट आणि तिथे टीपीडीएफ. त्यानंतर सुरुवातीची अर्धी सेकंद जास्त राहिली असं दिसलं तर ती १६ बिटची फाइल ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडून कापू नका, ते आतून सगळं ३२ बिट फ्लोटमध्ये करतं आणि एक्स्पोर्टला शेप्ड डिदर आपलं आपण लावू शकतं, तेव्हा सेशनमध्ये परत जा आणि फाइल तिथूनच नव्याने काढा.