रोमिंगचं १८,२९० रुपयांचं बिल: भरायचं, अडवायचं की लढायचं?

सोलापुरातल्या एका गणवेश उत्पादकांचा प्रश्न असा: ऑर्डरसाठी पाच दिवस दुबईला गेले होते, निघण्याआधी रोमिंग पॅक घेतला होता. एरवी पोस्टपेड बिल ५९० रुपये येतं, या वेळी १८,२९० आलं. त्यात पॅकबाहेरच्या ५०० एमबी डेटाचे १५,००० आणि त्यावर जीएसटीचे २,७००. फोनमध्ये रोमिंगचा डेटा २.१ जीबी दिसतो, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पॅकमधला वापर १.६ जीबी. कंपनीचं मोजमापच चुकलंय असं त्यांना वाटतं. दोन महिन्यांत शिलाई मशिनांसाठी ६ लाखांचं कर्ज काढायचं आहे. बिल भरून मोकळं व्हावं, की नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेऊन हे बिल तसंच सोडून द्यावं?

बिल सोडून नंबर हलवायचा विचार आधी काढून टाका. पोस्टपेड बिलाची मुदत उलटली आणि थकबाकी राहिली की पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. शिवाय मोबाइलची थकबाकी क्रेडिट रिपोर्टमध्ये चढू शकते, आणि कर्जाच्या तोंडावर ती सगळ्यात महाग पडते. हिशेब करून बघा: ६ लाख, ५ वर्षं, व्याज ११ ऐवजी ११.५ टक्के लागलं, तर एकूण सुमारे ९,००० रुपये जास्त जातात. अर्जच अडकला तर मशिनं आणि हंगाम दोन्ही लांबतात.

आता मोजमापाकडे. तुमचेच आकडे पुन्हा पाहा: १.६ जीबी अधिक ५०० एमबी म्हणजे २.१ जीबी, फोन सांगतो तेवढेच. म्हणजे एकूण वापरावर तुमचा आणि कंपनीचा वाद नाहीच. वाद आहे तो त्यातले ५०० एमबी पॅकबाहेर का टाकले यावर. "मीटर चुकलं" अशी तक्रार केलीत तर कंपनी "मीटर तपासलं, बरोबर आहे" असं उत्तर देऊन प्रकरण बंद करेल, आणि ते उत्तर खरंही असेल. म्हणून तक्रारीचा मुद्दा नेमका ठेवा.

पॅकबाहेर डेटा जाण्याची नेहमीची कारणं चार. विमानतळावर उतरताच फोन चालू झाला, पण पॅक तोवर लागू झालाच नव्हता. फोनने पॅकच्या यादीत नसलेलं नेटवर्क पकडलं. विमानात फ्लाइट मोड लावला नव्हता आणि फोन विमानातल्या नेटवर्कला जोडला गेला. साध्या पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. किंवा पॅकची मुदत कोणत्या घड्याळाने मोजली यात घोळ झाला. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. पॅक भारतीय वेळेनुसार मध्यरात्री संपला, तर तिथे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि त्याच वेळी फोन वायफाय नसताना फोटोंचा बॅकअप घेत असतो. परदेशी कंपनीची नोंद इथल्या कंपनीकडे नंतर येते, त्यामुळे अ‍ॅपमधला आकडाही मागे राहतो.

कंपनीच्या १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्या, आणि त्याच दिवशी ईमेलही पाठवा. त्यात मागा: प्रत्येक डेटा सत्राची तारीख, सुरू झाल्याची वेळ (आणि ती कोणत्या देशाची), परदेशी नेटवर्कचं नाव, एमबी, दर, पॅक लागू झाल्याची अचूक वेळ, आणि तुम्हाला पाठवलेल्या सूचना-एसएमएसची नोंद. शेवटचा मुद्दा जड आहे. पोस्टपेडची क्रेडिट लिमिट (कंपनीने ठरवलेली उधारीची मर्यादा) ८० टक्के भरली की ग्राहकाला कळवायचं, हा दूरसंचार नियामक ट्रायचा २००५ पासूनचा निर्देश आहे. तुमची लिमिट बिलाच्या कितीतरी खाली असेल आणि एसएमएस आलाच नसेल, तर तुमची बाजू इथेच सगळ्यात मजबूत आहे. फोनमधल्या आकड्यांचे स्क्रीनशॉट आजच काढा. फोन रीसेट केला किंवा बदलला की ते गेले. बोर्डिंग पास आणि पॅक सुरू झाल्याचा एसएमएस त्याच फाइलमध्ये ठेवा.

उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, निकाल ३९ दिवसांत अपेक्षित. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मात्र वापरा, कंपन्या तिथे बऱ्याचदा नमतं घेतात.

त्यापुढे सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. "टेलिकॉमचा वाद ग्राहक आयोगात चालत नाही" असं कोणी सांगितलं तर तो सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालावरून पडलेला जुना समज आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात हा अधिकार आयोगाला आहे असं स्पष्ट केलं. तिथेही तक्रार अशीच होती: सरासरी बिल ५५५ रुपये, आणि एका महिन्यात २४,६०९. बिल चूक की बरोबर हे मात्र त्या निकालाने ठरवलेलं नाही. आणखी एक अडचण: कनेक्शन फर्मच्या नावावर असेल तर कंपनी "व्यावसायिक वापर" म्हणून हरकत घेईल. स्वयंरोजगारातून उपजीविका चालवणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण मोठा कारखाना असेल तर ती मिळणं कठीण.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ऑटोपे आज बंद करा. वाद नसलेले ५९० रुपये लगेच भरा आणि उरलेली १७,७०० वादग्रस्त रक्कम स्थगित ठेवायला लेखी सांगा. कंपनीने देय तारखेआधी तशी लेखी हमी दिली नाही, तर कर्जाचा विचार करून पूर्ण रक्कम भरा, पण ईमेलमध्ये "हरकत कायम ठेवून भरत आहे, परतावा मागत आहे" हे नमूद करा. भरल्याने तक्रारीचा हक्क जात नाही. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर २,७०० चं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळू शकतं; ते घेतलंत तर नुकसान १५,००० एवढंच धरा.

दहा-बारा हजार फी देऊन वकील लावू नका. कंपनीने साठ-सत्तर टक्के परत देऊ केले तर घ्या, मात्र "थकबाकी नाही" असं पत्र आणि क्रेडिट ब्युरोकडे (क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडे) नोंद गेली नसल्याची लेखी खात्री हातात पडल्यावरच तडजोडीवर सही करा.