कारखाना बडोद्याला का येतो?

प्रश्न : सी-295 विमानांचा कारखाना बडोद्यात होणार असे 2022 मध्ये जाहीर झाले, तेव्हापासून पुण्याचे माझे मेहुणे भेट झाली की म्हणतात, की गुजरातने सवलतींची खैरात करून तो पळवला. उद्योग केवळ सवलतींमुळेच एखाद्या राज्यात जातात का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : सवलतींचा वाटा असतो, परंतु आपले मेहुणे समजतात तेवढा नसतो. कंपनीच्या नफ्यावरील प्राप्तिकर केंद्र सरकार घेते आणि तो सर्व राज्यांत सारखाच असतो. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कराचे दरही देशभर एकच झाले. त्यामुळे आपल्या वाट्याच्या कराचा काही भाग परत करणे, भांडवली अनुदान देणे, मुद्रांक शुल्क किंवा वीजशुल्क माफ करणे असे मोजकेच उपाय राज्याच्या हाती उरतात, आणि ते बहुतेक सर्वच राज्ये योजतात.

कारखानदार प्रथम जमिनीचे पाहतो. ऑक्टोबर 2008 मध्ये टाटा मोटर्सने नॅनो मोटारीच्या कारखान्यासाठी घेतलेले पश्चिम बंगालमधील सिंगूर सोडले ते संपादित जमिनीवरून पेटलेल्या आंदोलनामुळे, आणि त्याच महिन्यात गुजरातमधील साणंदची जागा ठरू शकली, कारण ती जमीन आधीपासून सरकारच्या ताब्यात होती. साणंदला सवलतीही भरघोस मिळाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वादात अडकलेल्या जमिनीवर त्या सवलतींचा कोणाला काय उपयोग झाला असता?

जमिनीनंतर वीज. भट्टी पेटलेली असताना किंवा रसायनाची प्रक्रिया अर्ध्यावर असताना वीज गेली, तर तेवढा माल वाया जातो. म्हणून दर थोडा चढा असला तरी चालतो, पण पुरवठा बेभरवशाचा चालत नाही. गुजरातने 2003 नंतर ज्योतिग्राम योजनेत शेतीपंपांच्या वाहिन्या गावठाणाच्या वाहिन्यांपासून वेगळ्या केल्या आणि 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन करून निर्मिती, पारेषण व वितरणाच्या स्वतंत्र कंपन्या स्थापल्या. त्यांची मुख्य कंपनी आपल्या रेसकोर्सवरूनच कारभार पाहते. माझ्या मते उद्योगांसाठी या कामाचे मोल कोणत्याही अनुदानाहून अधिक आहे.

बडोद्याचे आणखी एक बळ फार जुने आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन सुरू करून तांत्रिक शिक्षणाचा पाया घातला. तेथील प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासह 1907 मध्ये अलेम्बिक या औषध व रसायन कंपनीच्या स्थापनेत होते. पुढे अंकलेश्वरला तेल सापडले, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, खत आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आले आणि त्यांना पंप, झडपा, ट्रान्सफॉर्मर पुरवणारे लहान कारखानदार मकरपुऱ्यात उभे राहिले. सावलीजवळ मेट्रोचे डबे बनवू पाहणाऱ्या कंपनीला जोडारी, यंत्रकारागीर आणि सुटे भाग पुरवणारे आसपासच मिळाले, तर तिचा बराच वेळ वाचतो. या रसायन उद्योगाचे सांडपाणी वाहून खंभातच्या आखाताकडे नेण्यासाठी मात्र सुमारे 55 किलोमीटरचा कालवा बांधावा लागला, आणि त्याच्या काठच्या गावांना या वाढीची झळ सोसावी लागली आहे.

विमानांपुरते बोलायचे, तर हवाई दलासाठी झालेल्या खरेदी करारातील 56 पैकी 40 विमाने येथे बनायची आहेत, आणि एवढे काम दीर्घकाळ चालवायचे तर कुशल माणसे आणि पुरवठादार लागतातच. मेहुण्यांना त्यांच्याच चाकणचे उदाहरण द्यावे. तेथे मोटारींचे कारखाने गेले, ते पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाज यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची फळी अनेक वर्षांत उभी राहिली होती म्हणून.