गच्चीवर भाजीची रोपं करायला लाकडी ट्रे घरी बनवता येतो का? लाकूड कोणतं घ्यावं?

येतो की! प्लॅस्टिकचे ट्रे एका उन्हाळ्यात तडकतात असं तुम्ही लिहिलंय. मिरजेत आमच्या गच्चीवरही तेच व्हायचं, म्हणून मी लाकडीकडे वळलो.

नवं लाकूड आणू नका. भंगारवाल्याकडे पाइनची जुनी पॅलेट, म्हणजे माल ठेवायची लाकडी चौकट बघा. फळीवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि ‘एचटी’ अक्षरं असतील तर ते लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते सोडून द्या. आंब्याची फळी ओलीत लवकर कुजते. प्लायचे थर सुटतात.

माप 18 बाय 12 इंच, खोली 3 इंच. याहून मोठा करू नका. माझा पहिला ट्रे मी हौसेनं 3 बाय 2 फुटांचा केला. वळवाचा पाऊस आला तेव्हा ओल्या मातीसकट तो आम्हा दोघांना जागचा हलेना, आणि मिरचीचं सगळं बी वाहून गेलं.

खरी मेख तळात आहे. तळाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या तर पाणी पिऊन त्या फुगतात आणि बाजूच्या फळ्यांचे खिळे उपसून काढतात. म्हणून दोन पट्ट्यांत 5 मिलिमीटर फट ठेवाच. भिजल्यावर ती थोडी मिटते, पण पाणी निथळत राहतं. वर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरला की माती खाली झरत नाही. पाइन कडेला पटकन चिरतं, त्यामुळे खिळ्याचं टोक आधी हातोडीनं जरा बोथट करून घ्या.

आतून काहीच लावू नका. बाहेरून जवसाचं तेल चालेल. गाडीचं जळकं ऑइल मात्र अजिबात नको, ट्रेमध्ये भाजी वाढवायची आहे. ट्रे खाली विटा ठेवा, तळाला वारा लागला की लाकूड टिकतं.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेली पोयट्याची माती आणि गांडूळखत सारखं घेऊन भरा. वांगी, टोमॅटोचं बी अर्धा सेंटीमीटर खोल, ओळींत. लावणीच्या आठवडाभर आधी सुरीनं रोपांच्या मधून उभ्या-आडव्या रेघा कापा. गुंतलेली मुळं तिथंच तुटतात, प्रत्येक रोप आपापल्या चौकोनात नवी मुळं धरतं, आणि लावताना बर्फीच्या वडीसारखं मातीसकट उचलता येतं.