नावनोंदणीचं टेबल

पत्र थोडक्यात असं: "मी 29 वर्षांची. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या, म्हणजे धातूचे ओतीव भाग बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं मार्केटिंग बघते. खातं म्हणजे मी एकटीच. मालकांच्या लेखी मार्केटिंग म्हणजे ब्रोशर आणि दिवाळीच्या भेटी. पुण्यातल्या मैत्रिणी मॅनेजर झाल्या. दीड वर्षापूर्वी इथल्या मार्केटिंगवाल्यांच्या संघटनेची सभासद झाले. दर महिन्याच्या व्याख्यानाला जाते, मागं बसते, चहा घेऊन घरी येते. कुणाशी ओळख झाली नाही. मध्ये नावनोंदणीच्या टेबलावर बसाल का म्हणून विचारलं होतं, पण एमबीए करून पावत्या कोण फाडणार, नाही म्हटलं. आता वर्गणी भरायची वेळ आलीय. सोडून देऊ का?"

वर्गणी भर. मालक आणि पुण्याच्या मैत्रिणी यांच्याबद्दल आज मी फारसं बोलणार नाही, कारण पावत्यांच्या त्या एका वाक्याशी मी अडले. दीड वर्ष तुला ओळखी हव्या होत्या. ज्या टेबलापाशी आल्याशिवाय कुणालाच हॉलमध्ये जाता येत नाही, तिथली खुर्ची संघटनेनं आपणहून पुढं केली, आणि तू ती परत सारलीस! याचा मला रागच आला पोरी.

साठ माणसांच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून तू फार तर शेजारच्या दोघांशी बोलतेस. टेबलावर साठच्या साठ जण थांबतात आणि स्वतःचं नाव, कंपनी, काम स्वतःच्या तोंडानं सांगतात. दूध संघातला, हुपरीच्या चांदीवाल्यांचा, चपलांची निर्यात बघणारा, दवाखान्याची जाहिरात करणारी, सगळे. प्रमुख पाहुण्यालाही एवढी माणसं भेटत नाहीत.

पण ते काम नीट करायचं असतं. पाऊण तास आधी पोच. यादी आडनावावर लावू नकोस, कंपनीच्या नावावर लाव, कारण आपल्याकडं माणूस आधी कंपनीच सांगतो आणि मग आडनाव शोधताना मागं रांग तुंबते. ज्यांनी आधी नाव नोंदवलेलं नाही त्यांच्यासाठी कोरा कागद वेगळा ठेव. क्यूआर कोडचा कागद टेबलावर सपाट नको, उभा कर, म्हणजे दोघांना एकदम पैसे भरता येतात. बिल्ल्यावर नाव जाड पेननं, हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं मोठं लिही आणि बिल्ला देताना ते मोठ्यानं उच्चार. नाव चुकलं असेल तर तिथंच कळतं, आणि तुझ्याही डोक्यात बसतं. यादीत शेवटी एक रकाना मोकळा सोड. येता येता माणूस जे बोलतो ते त्यात दोन शब्दांत टिप: 'प्रदर्शनात स्टॉल घेतोय', 'नवीन डिझायनर हवाय'.

खरी कमाई दुसऱ्या दिवशीची. नाव देऊन न आलेले आठ-दहा जण असतात आणि त्यांना कुणीच विचारत नाही. त्यांना फोन कर. "काल तुमचा बिल्ला तसाच राहिला, व्याख्यानाचे मुद्दे पाठवू का?" एवढंच. आलेल्यांपैकी पाच जणांना त्या मोकळ्या रकान्यातलं धरून एकेक ओळ लिही. ब्रोशर पाठवू नकोस आणि सगळ्यांचे नंबर घेऊन व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी तर मुळीच करू नकोस. नंबर नोंदणीसाठी दिलेले असतात. शिवाय ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि पोचतो तिथं तू जाहिरातवाली होतेस.

तुझ्या धंद्यात तर हे जास्तच लागू आहे. कास्टिंगचा ग्राहक ब्रोशर बघून पुरवठादार बदलत नाही. सॅम्पल, चाचणीचा लॉट, मंजुरी यात महिने जातात, म्हणून आहे त्याच्याशीच तो टिकून राहतो. त्याचा पुरवठादार डिलिव्हरी चुकवतो त्या आठवड्यात मात्र तो ओळखीत विचारतो, "एसजी 500/7 मध्ये बारा किलोचा नग कोण देईल?" (एसजी 500/7 ही बिडाची एक प्रत.) तेव्हा कुणाच्या तरी तोंडी तुझं नाव यायला हवं. आणि तुला बॉक्स साइज (साच्याच्या पेटीचं माप), महिन्याची टनाची क्षमता, मशिनिंग आत होतं की बाहेर, हे फाइल न उघडता सांगता यायला हवं. नसेल येत तर या शनिवारी मोल्डिंगच्या फोरमनकाकांपाशी तासभर उभी राहा. मालकांशी बढतीचं बोलणं अशी एखादी चौकशी दारात आल्यावर कर, आधी नको.

एकटेपणाचं तू ओझरतं लिहिलंयस, पण ते मला दिसलं. कंपनीत आपलं काम समजणारं दुसरं कुणी नसलं की माणूस आतून सुकतो. टेबलावर शेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसतंच. पाहुणे आत गेल्यावर दोघी मिळून पैशांचा हिशेब जुळवता, पन्नास रुपये कुठं गेले ते शोधता. तिसऱ्या महिन्यात तीच तुला विचारेल, "तुमच्याकडं कोटेशन पाठवल्यावर पुन्हा फोन किती दिवसांनी करतात गं?"

तेव्हा आजच सचिवांना फोन कर. मागच्या वेळी नाही म्हटल्याची सारवासारव करत बसू नकोस. "पुढच्या कार्यक्रमाला टेबलावर मी बसते, यादी आदल्या दिवशी पाठवा" एवढं सांग, आणि सलग सहा कार्यक्रम ती खुर्ची सोडू नकोस. जाताना दोन जाड पेनं आणि सुट्टे पैसे घरून ने.