व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचा जळालेला पॉवर ट्रान्सफॉर्मर: तयार शोधू नका, आहे तोच भरून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भिलवडीत आजोबांच्या मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्यातला पंधरा वॉटचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात बुडाला, नंतर माळ्यावर पडून राहिला. आता लावून पाहिला तर फ्यूज उडाला, दुसऱ्या खेपेला ट्रान्सफॉर्मरमधून जळका वास आला. आत दोन ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारे), दोन ईसीसी८३ (आधी सिग्नल वाढवणारे) आणि एक ईझेड८१ (एसीचं डीसी करणारा) असे व्हॉल्व्ह आहेत. ट्रान्सफॉर्मरवरची अक्षरं गेलीत. त्याच्या जागी बसेल असा दुसरा कुठं मिळेल?

माझं सरळ मत: दुसरा शोधण्यात वेळ घालवू नका. तुमच्या मापाचा तयार ट्रान्सफॉर्मर ना मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, ना पुण्यात तापकीर गल्लीत. परदेशी बनावटीचे मिळतात, पण तिथं नीट वाचून घ्यावं लागतं. हॅमंड कंपनीच्या २७० मालिकेचं प्रायमरी (लाइनला जोडायची गुंडाळी) ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं, ते आपल्या २३० व्होल्टवर चालणार नाही. मध्ये स्टेपडाउन टाकला तरी ६० हर्ट्झसाठी बेतलेला गाभा ५० हर्ट्झवर जास्त तापतो. त्यांच्या ३०० मालिकेत आपल्याकडचं व्होल्टेज चालतं, पण ते जड लोखंड मागवायचा खर्च आणि वरची कस्टम ड्युटी धरली तर अॅम्प्लिफायरच स्वस्त वाटेल. शिवाय चॅसिसची भोकं जुळणार नाहीत. तुमच्याकडचा लोखंडी गाभा शाबूत आहे, तर त्याच गाभ्यावर नवी तार भरून घ्यायची. मापही तेच राहतं.

जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर बसवा असा सल्ला कुणीतरी देईलच. तो घेऊ नका. रेडिओतला साधारण २५०-०-२५० व्होल्टचा (मधल्या टोकापासून दोन्हीकडे २५०), साठ ते ऐंशी मिलीअँपचा असतो. तुमच्या दोन ईएल८४ ना ३०० व्होल्टवर पूर्ण आवाजात प्लेटचे ९२ आणि स्क्रीनचे २२ (व्हॉल्व्हची करंट घेणारी दोन टोकं) असे मिळून ११४ मिलीअँप लागतात, त्यात ईसीसी८३ चे थोडे. म्हणजे १२० धरा. रेडिओचा ट्रान्सफॉर्मर घरात हळू आवाजात चालेल आणि यात्रेच्या रात्री जळेल.

पण भरायला देण्याआधी दोन गोष्टी तपासा, नाहीतर पैसे पाण्यात जातील.

पहिली, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ईएल८४ आणि स्पीकर यांच्या मधला. पुरात बुडालेल्या यंत्रात सगळं लक्ष पॉवर ट्रान्सफॉर्मरकडे जातं आणि हा विसरला जातो. त्याच्या प्रायमरीची तार फार बारीक असते, ओल आणि गाळ बसला की सोल्डरच्या जोडापाशी हिरवी पडून तुटते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मधल्या टोकापासून दोन्ही प्लेटच्या टोकांपर्यंत मोजा. दोन्हीकडे साधारण जवळजवळचा आकडा, काहीशे ओहमच्या आत, आला पाहिजे. एक बाजू उघडी असेल तर तो ट्रान्सफॉर्मरही भरावा लागेल, आणि ते काम पॉवर ट्रान्सफॉर्मरपेक्षा कितीतरी नाजूक आहे. तेव्हा सगळा खर्च आधी मांडून मगच पुढं जा.

दुसरी, तो जळला कशानं? ओल हे कारण असेलच, पण एकटी ओल क्वचितच असते. इतकी वर्षं पडून राहिलेले मोठे फिल्टर कपॅसिटर गळतात, ईझेड८१ वर ताण येतो, ती आतून शॉर्ट होते आणि सगळा भार ट्रान्सफॉर्मरवर जातो. ईसीसी८३ कडून ईएल८४ च्या ग्रिडला (सिग्नल घेणाऱ्या टोकाला) जाणारे छोटे कपॅसिटर गळले तर ईएल८४ ची प्लेट लाल होईपर्यंत करंट ओढते. हे सगळे कपॅसिटर नवे टाका. जुने ठेवलेत तर नवा ट्रान्सफॉर्मरही त्याच वाटेनं जाईल.

ट्रान्सफॉर्मर खरंच गेलाय का, हेही बघायला हवं. सगळे व्हॉल्व्ह काढा, सेकंडरीची (पुढं व्होल्टेज देणाऱ्या गुंडाळ्यांची) सगळी टोकं सोडवून वेगवेगळी ठेवा, आणि साठ वॉटच्या साध्या तारेच्या बल्बच्या सिरीज बोर्डवर (लाइन बल्बमधून जाऊन पुढं मिळते असा बोर्ड) फक्त प्रायमरी लावा. बल्ब अंधुक किंवा विझलेला राहिला तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे, दोष पुढं आहे. लख्ख पेटला तर आतले फेरे एकमेकांना चिकटलेत. या वेळी उघड्या टोकांवर सहाशे व्होल्टपर्यंत दाब असू शकतो, एक हात खिशात ठेवून काम करा. अॅम्प्लिफायर जोडलेला असताना तर बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब शिल्लक राहतो. दहा किलोओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर लावून तो उतरवा, मीटरनं शून्य बघा, मगच हात घाला. यात घाई नको.

प्रायमरी नुसती उघडी असेल, जळलेली नसेल, तर वरचा कागद सोलून बाहेर येणारी जोडाची टोकं बघा. पुराच्या पाण्यानं नेमका तो जोड खाल्लेला असतो. नवा जोड दिला की काम झालं.

तुमच्याकडे वास आलाय, म्हणजे बहुधा भरावाच लागेल. मग मूळ आकडे काढायचे. कुठल्याच गुंडाळीत फेरे चिकटलेले नसतील तर सहा व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमीजास्त करायच्या यंत्रावर) लावून त्याचा एकच व्होल्ट हीटरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या, गुंडाळीला द्या आणि एचटीच्या, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या गुंडाळीच्या, दोन टोकांत मोजा. ९५ च्या आसपास आलं तर मूळ ३००-०-३०० चा होता. फेरे चिकटले असतील तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा उलगडताना फेरे मोजायला सांगा. हीटरचे फेरे मोजले तरी एका व्होल्टला किती फेरे ते कळतं आणि बाकी हिशोब त्यावर बसतो.

आता माणूस. सांगली-मिरजेत आणि कुपवाड एमआयडीसीच्या आसपास मोटर भरणारे आणि स्टॅबिलायझरचं काम करणारे भरपूर आहेत, हाताचे पक्के आहेत. पण त्यांचा रोजचा व्यवहार जाड तार आणि कमी व्होल्टेजचा. केसासारखी बारीक तार, त्यावर तीनशे-तीनशे व्होल्ट, हे काम वेगळं आहे. सवयीनं ते बॉबिनवर (तार गुंडाळायच्या साच्यावर) तार सरसकट भरत जातात. तसं केलं तर तीनशे व्होल्टवरचा फेरा चाळीस व्होल्टवरच्या फेऱ्याला जाऊन टेकतो आणि वर्षभरात आत ठिणगी पडते. म्हणून पहिली अट हीच घाला: एचटीची गुंडाळी थरावर थर, प्रत्येक थरानंतर कागद, कडेला दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी. याला जो कंटाळेल त्याच्याकडे काम देऊ नका. ‘बघू’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘वेळ लागेल’ म्हणणारा बरा.

कागदावर लिहून द्यायचे आकडे असे. गाभ्याच्या मधल्या पायाची रुंदी गुणिले लोखंडी पट्ट्यांच्या थप्पीची उंची, हे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढा. ४५ ला त्यानं भागलं की एका व्होल्टचे फेरे मिळतात, जुन्या लोखंडाला जपून चालणारा हिशोब आहे. तुमचं काम ७५ व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँप) आसपासचं, गाभा दहा चौरस सेंटिमीटर निघाला तर व्होल्टला साडेचार फेरे. प्रायमरीला २३० साठी १०३५ फेरे, २६ गेज (तारेच्या जाडीचा एसडब्ल्यूजी आकडा). त्यावर २५० व्होल्टचा टॅप (जादा टोक) नक्की काढून घ्या, कारण रात्री शेतातले पंप बंद झाले की लाइन वर जाते आणि हीटरला ६.३ ऐवजी सात व्होल्ट बसतात. एचटीला दोन्ही बाजूंना १३५० अधिक पाच टक्के, ३३ गेज. हीटरला दोन ईएल८४ चे १.५२, दोन ईसीसी८३ चे ०.६ आणि ईझेड८१ चा १ मिळून ३.१२ अँप लागतात, म्हणून ३० फेरे, १८ गेज. मूळ ट्रान्सफॉर्मरमध्ये ईझेड८१ ला वेगळी गुंडाळी असेल तर तीही तशीच ठेवा.

प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा पडदा असेल तर तोही परत घालायला सांगा. पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर येतील पण टेकणार नाहीत, मध्ये कागद हवा. टेकली तर तो एक शॉर्ट फेरा होतो आणि पहिल्याच मिनिटाला सगळं तापतं. गाभ्याच्या पट्ट्या एकाआड एक उलटसुलट घालायच्या, फट नको. चोक बनवणारे सवयीनं सगळ्या पट्ट्या एका बाजूनं घालतात. शेवटी वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणं हवं, ब्रश फिरवून चालणार नाही.

घेताना मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) ५०० व्होल्टवर गुंडाळ्या आणि गाभा यांच्यात तपासून घ्या. मग सेकंडरी उघड्या ठेवून दोन तास नुसता चालवा, हाताला कोमट लागला पाहिजे, चटका नको. एचटीच्या दोन बाजूंत दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

ईझेड८१ च्या जागी डायोड लावा असं कुणी म्हणालं तर आधी कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाचा. डायोडवर एचटी वीसेक व्होल्टनं चढते आणि व्हॉल्व्ह तापायच्या आत पूर्ण दाबानं येऊन बसते, ३५० व्होल्टचा कपॅसिटर तिथं टिकणार नाही.

आतलं सगळं उपसून ट्रान्झिस्टरचा बोर्ड बसवण्याचा सल्ला मात्र मनापासून नाकारा. आपल्याकडची भजनं, कुस्तीची मैदानं, सभा या यंत्रांवर वाजल्या आहेत, आणि नीट भरलेला ट्रान्सफॉर्मर मिळाला तर हे यंत्र अजून कित्येक वर्षं वाजेल.

एचटीच्या मधल्या टोकाला २५० मिलीअँपचा फ्यूज घाला, प्रायमरीला एक अँपचा स्लो (क्षणभराच्या झटक्याला न उडणारा). आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे दोन्ही आकडे आणि गाभ्याचं माप आधी इथं लिहा, त्यावरून फेरे एकदा ताळून देतो आणि मगच वाइंडिंगवाल्याकडे जा.